मंगळवारी आम्ही, बुधवारी तुम्ही

२०२४ च्या अमेरिकन निवडणुकीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डॅलसच्या मामेभावाने एक जोक टाकला. मतदानाला प्रचंड गर्दी होणार असल्यामुळे रिपब्लिकनांनी मंगळवारी मतदान करावे आणि डेमोक्रॅट्सनी बुधवारी, तरी आपल्या डेमोक्रॅट मित्रांना कृपया कळवावे. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चार चेहरे. नागपूरच्या आत्याने लगेच अंगठा दाखवला. पुण्याच्या काकांनी लिहिलं, "हा हा, ह्यांना मंगळवार-बुधवार कळत नाही आणि हे राष्ट्राध्यक्ष निवडणार!" (इथे निवडणूक नोव्हेंबरातल्या मंगळवारीच होते, १८४५ च्या कायद्याप्रमाणे. बुधवारी गेलात तर केंद्राला कुलूप.)

मला हसू आलं नाही. माझी विनोदबुद्धी वयाप्रमाणे आटली असेल, बायकोचं मत तसंच आहे. पण खरं कारण वेगळं आहे. हाच जोक मी स्वतः पुढे ढकललेला आहे. फक्त तेव्हा व्हॉट्सअॅप नव्हतं, ई-मेल होती, आणि मी राहत होतो बोका रटोनला. म्हणजे फ्लोरिडात, पाम बीच काउंटीत. साल २०००.

ज्यांना ते साल आठवत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ७ नोव्हेंबर २००० ला बुश विरुद्ध गोर अशी लढत झाली, सगळा देश फ्लोरिडावर येऊन अडकला, मतमोजणी, फेरमोजणी, कोर्टकचेऱ्या असं पाच आठवडे चाललं, आणि १२ डिसेंबरला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी फेरमोजणी थांबवली. बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकले. साठ लाखांच्या आसपास मतांतून ५३७. आमच्या सोसायटीत चेअरमन ह्यापेक्षा मोठ्या टक्केवारीने येतो.

आता पाम बीचची ती मतपत्रिका. तिला नाव पडलं 'बटरफ्लाय बॅलट'. उघडलेल्या वहीसारखी दोन पानं आणि मधोमध, शिवणीच्या जागी, भोकं पाडायची एकच उभी रांग. डाव्या पानावर पहिलं नाव बुशचं, दुसरं गोरचं. उजव्या पानावर पहिलं नाव पॅट ब्यूकॅननचं, पण ते डावीकडच्या दोन नावांच्या साधारण मध्ये येईल असं थोडं खाली. त्यामुळे मधल्या रांगेत पहिलं भोक बुशचं, दुसरं ब्यूकॅननचं आणि तिसरं गोरचं. आपण डावं पान वाचतो, गोर दुसरा आहे हे बघतो, आणि दुसरं भोक पाडतो. संपलं. मत गेलं ब्यूकॅननला. चूक लक्षात आल्यावर तिसरं भोकही पाडलं, तर एकाच पदासाठी दोन मतं, म्हणून मत बाद.

हे असं का केलं होतं, तर काउंटीत म्हातारी माणसं फार. त्या वर्षी फ्लोरिडाच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदाचे दहा उमेदवार होते. दहाच्या दहा एका पानावर घातले तर अक्षर बारीक होईल आणि आजी-आजोबांना वाचता येणार नाही, म्हणून काउंटीच्या निवडणूक अधिकारी थेरेसा लपोर यांनी अक्षर मोठं केलं आणि नावं दोन पानांवर पसरली. ह्या बाई स्वतः डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्या होत्या. नमुना मतपत्रिका मतदारांना आधी पाठवलेली होती, दोन्ही पक्षांनी ती पाहिली होती. कट वगैरे काही नाही. चांगल्या हेतूने केलेला एक वाईट कागद.

माझ्या शेजारी एक आजी राहायच्या. न्यूयॉर्कमध्ये शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, विधवा, ज्यू, वय ऐंशीच्या पुढे. मला 'यंग मॅन' म्हणायच्या आणि माझ्या फोडणीच्या वासाने खोकायच्या. त्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर त्या पार्किंगमध्ये उभ्या. म्हणाल्या, "मी कुणाला मत दिलं तेच मला कळत नाही." गोरचा जोडीदार लीबरमन होता, उपाध्यक्षपदासाठी मोठ्या पक्षाने उभा केलेला पहिला ज्यू उमेदवार. आणि ब्यूकॅनन म्हणजे ज्यूंबद्दलच्या वक्तव्यांवरून सतत टीका झालेला माणूस. त्यांना सारखं वाटत होतं की आपलं भोक ह्या माणसाच्या खात्यात गेलं. मी त्यांना, तुम्ही फार विचार करताय, झोपा शांत, असं काहीतरी म्हणालो. मला मतदानाचा हक्क नव्हता, एच-वन व्हिसा होता, आणि खरं सांगायचं तर मला गंमत वाटत होती.

दोन-तीन दिवसांत मेलचा पाऊस सुरू झाला. चक्रव्यूहासारख्या रेषा काढलेली खोटी मतपत्रिका. गोर-लीबरमनच्या फलकाची नक्कल करून 'सोअर लूझरमन'. बाण कुठे जातो हे कळत नसेल तर तुम्हाला देश चालवायचा हक्क नाही, दुसरीतलं पोरसुद्धा हे करून दाखवेल, बिंगो खेळताना बऱ्या वीस चिठ्ठ्या सांभाळता. आणि अर्थात मंगळवार-बुधवार. मी सगळे पुढे पाठवले. मुंबईला, पुण्याला, कॉलेजच्या ग्रुपला. "मी इथेच राहतो, मी पाहतोय ही माणसं" अशी वर पुस्ती जोडून. त्या पुस्तीची मला आज जास्त लाज वाटते.

आता ह्या जोकमागचं जे म्हणणं आहे, ते सरळ वाक्यात मांडू. म्हणणं असं: पद्धत सोपी होती, माणसं मठ्ठ होती. बरं, मग हे तपासता येतं का? येतं. राज्यशास्त्राच्या काही अभ्यासकांनी तपासलं आणि २००१ साली छापलं. पाम बीचमध्ये ज्यांनी घरून, टपालाने मत दिलं, त्यांच्या मतपत्रिकेत फुलपाखरू नव्हतं. काउंटी तीच, माणसं तशीच, म्हातारपण तेच, उमेदवार तेच, फक्त कागद वेगळा. टपाली मतांत ब्यूकॅननला हजारी सुमारे २ मतं. केंद्रावर, फुलपाखरू हातात दिल्यावर, हजारी साडेआठ. चौपट. पाम बीचमधली माणसं केंद्रात शिरताना मठ्ठ होत आणि घरी टेबलावर बसली की शहाणी होत, असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणावं. फुलपाखरामुळे २,००० हून जास्त डेमोक्रॅट मतं चुकून ब्यूकॅननला गेली, हा त्यांचा निष्कर्ष. फरक किती होता? ५३७.

ब्यूकॅनन ह्यांना राज्यभरात १७,००० च्या वर मतं पडली, त्यातली ३,४०० एकट्या पाम बीचमध्ये. त्यांनी स्वतः टीव्हीवर सांगितलं की ही सगळी मतं माझी नसावीत. उमेदवाराला जे दिसलं ते आमच्या कॉलेजच्या ग्रुपला दिसलं नाही.

आणि जी मतं दोन भोकं पडून बाद झाली, ती त्या काउंटीत १९,००० हून अधिक. नंतर वर्तमानपत्रवाल्यांनी ती एकेक करून पाहिली. पाच हजारांहून जास्त कागदांवर गोर आणि ब्यूकॅनन, दोघांपुढे भोक. पण ह्यातला मला सर्वांत आवडणारा आकडा वेगळाच आहे. दीड हजारांहून जास्त कागदांवर बुश आणि ब्यूकॅनन, दोघांपुढे भोक! म्हणजे बुशवालेही फसले. फुलपाखराने पक्ष विचारला नव्हता. बुशचं भोक सगळ्यात वर होतं म्हणून त्याची माणसं कमी फसली, इतकंच. ती नावं उलटी छापली असती तर जोकही उलटे छापले असते, आणि ते पाठवणारे हातही बदलले असते. मी तरी दोन्ही पाठवले असते.

वर जॅक्सनव्हिलला, ड्युव्हल काउंटीत, ह्याचा भाऊ होता. तिथे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार एकामागे एक अशा दोन पानांवर होते, आणि नमुना मतपत्रिकेवरची सूचना सांगत होती की प्रत्येक पानावर मत द्या. लोकांनी सूचना पाळली. वीस हजारांच्या वर मतं बाद. जास्त करून कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये, जिथे पहिल्यांदा मत देणारे पुष्कळ होते. म्हणजे इथे जो सांगितलेलं ऐकतो तो मठ्ठ ठरला. त्यावर जोक करणं जरा अवघड होतं, म्हणून फारसे आले नाहीत.

मामेभाऊ म्हणेल (म्हणालाच नंतर) की अरे, जोक आहे, कोण खरंच बुधवारी जातं? कबूल, बहुतेक कुणी जात नाही. पण २०१६ मध्ये ट्विटरवर एकाने हिलरी क्लिंटनच्या समर्थकांसाठी चित्रं टाकली, तिच्याच जाहिरातीसारखी दिसणारी, की रांग टाळा, ह्या नंबरवर मेसेज करून घरबसल्या मत द्या. किमान ४,९०० वेगवेगळ्या फोनवरून त्या नंबरवर मेसेज गेले. सगळे फसले असतील असं नाही, काहींनी नुसती मजा बघितली असेल. त्याच्यावर खटला झाला, २०२३ मध्ये ज्यूरीने दोषी ठरवलं, आणि जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने ती शिक्षा रद्द केली, कारण त्याने इतरांशी संगनमत केल्याचा पुरावा पुरेसा नव्हता. ते कोर्ट बघून घेईल. मला त्या मेसेजच्या आकड्यात रस आहे. जोकला बळी पडणारा माणूस ग्रुपवर नसतोच, तो दुसऱ्याच्या ग्रुपवर असतो.

पण माझी मुख्य तक्रार फसण्याबद्दल नाही. ह्या जोकची एक जुनी वंशावळ आहे, ती बघा. १८८२ मध्ये साउथ कॅरोलिनाने 'आठ पेट्यांचा कायदा' केला. प्रत्येक प्रकारच्या पदासाठी वेगळी पेटी, वर फक्त अक्षरात पदाचं नाव. चुकीच्या पेटीत कागद पडला की मत बाद. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या, वाचता न येणाऱ्या माणसाने काय करावं? कुणी शेजारच्याकडून क्रम पाठ करून आला तर मध्येच पेट्यांच्या जागा बदलायच्या. कायद्यात काळा-गोरा असा शब्द नाही. फक्त पद्धत किचकट. पुढे दक्षिणेत साक्षरतेच्या परीक्षा आल्या, त्या थेट १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत चालल्या. सगळ्यांची सबब एकच: ज्याला एवढंही जमत नाही त्याने मत का द्यावं? काकांचं वाक्य आणि हे वाक्य शेजारी ठेवा. काका, रागावू नका. पण ठेवा.

आणि आता आपल्याकडची पेटी. १९५१-५२ ची पहिली निवडणूक. सतरा कोटींच्या वर मतदार, त्यातले शंभरात पंच्याऐंशी निरक्षर. सुकुमार सेन मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांनीही पुष्कळ पेट्या ठेवल्या, प्रत्येक उमेदवाराची वेगळी. पण पेटीवर चिन्ह लावलं. बैलजोडी असेल, झोपडी असेल, जे असेल ते. मतदाराने काही लिहायचं नाही, वाचायचं नाही, कागद घ्यायचा आणि आपल्या चित्राच्या पेटीत टाकायचा. विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात ह्या पेट्या लाखांनी बनल्या. म्हणजे बघा, तीच कल्पना, अनेक पेट्या. एकीकडे माणूस बाहेर राहावा म्हणून, दुसरीकडे तो आत यावा म्हणून. सेन ह्यांच्याही हातून एक गोष्ट निसटली, तीही सांगायला हवी. सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगितलं होतं. त्यावरही त्या काळी हसणारे असतीलच. माझ्या पणजीने आयुष्यात पणजोबांचं नाव घेतलं नाही आणि तिचं स्वतःचं नाव मला आत्याला विचारावं लागलं.

आमची आई ऐंशीच्या घरात असताना, २०१७ च्या पुणे महापालिका निवडणुकीत, मतदानाला गेली. चार सदस्यांचा प्रभाग, चार गट, चार मतं, आणि चारही गटांत बटण दाबल्याशिवाय मतदान पूर्ण होत नव्हतं. आयुष्यभर एक बटण दाबायची सवय. तिने तीन दाबली आणि निघाली. केंद्रावरच्या माणसाने हाक मारली, "आजी, अजून एक राहिलंय!" मागच्या रांगेतला कुणीतरी म्हणाला, "घरी बसायचं ना मग." लोक हसले. आई परत आत गेली, चौथं बटण दाबलं, ते कुणाचं होतं ते तिने बघितलं नाही. मला फोनवर हसत हसत सांगत होती, पण दोनदा सांगितलं. तेव्हा मला पार्किंगमधल्या आजी आठवल्या. सतरा वर्षांनी! आपल्या घरचं माणूस त्या जागी उभं राहीपर्यंत डोक्यात प्रकाश पडत नाही, असा आमचा वकूब.

आता शहाण्यांचं पाहू. महाराष्ट्रात पदवीधर मतदारसंघाची निवडणूक होते. मतदार होण्यासाठी पदवी लागते. तिथे नावांपुढे पसंतीचे आकडे लिहायचे, १, २, ३. आकडेच, अक्षरात 'एक' लिहिलं तर मत बाद, बरोबरची खूण केली तर बाद, सही केली तर बाद, केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेनाऐवजी स्वतःचं पेन वापरलं तरी बाद. दर खेपेला पदवीधरांची मतं हजारांनी बाद होतात. आमच्या काकांनी, होय, ह्याच काकांनी, एका निवडणुकीत आपल्या पार्कर पेनाने एका नावापुढे सुबक बरोबरची खूण केली आणि घरी येऊन अभिमानाने सांगितलं. चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासलेला हात तो, दुसरं काय करणार! काकूने तेव्हा सूचनापत्रक वाचून दाखवलं. दोन दिवस घरात शांतता होती असं कळतं.

त्याहून वर जाऊ. २०१७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक. कागदावर नावं दोन, कोविंद आणि मीरा कुमार. करायचं काय, तर एकापुढे १ लिहायचा. ७७ मतं बाद, त्यातली २१ खासदारांची. २०२२ मध्ये पुन्हा दोनच नावं, मुर्मू आणि सिन्हा. ५३ बाद, खासदार १५. सप्टेंबर २०२५ च्या उपराष्ट्रपतिपदाला फक्त खासदारच मतदार होते. ७६७ मतं पडली, १५ बाद. काहींनी मुद्दाम बाद केली असतील, राजकारण आहे, मान्य. पण सगळ्यांनी? हे लोक कायदे करतात. ह्यांच्यापैकी कुणाला "तुम्हाला जमत नसेल तर बुधवारी या" असं कुणी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

डेमोक्रॅट मित्रांनी फार खूश होऊ नये. मंगळवार-बुधवारचा जोक तुमच्याकडेही फिरतो, फक्त वार उलटे करून. कमी शिकलेल्या, गावाकडच्या, ट्रम्पला मत देणाऱ्या माणसाच्या वाचनावर तुम्ही जेवणाच्या टेबलावर जे बोलता ते मी जेवता जेवता ऐकलेलं आहे. आणि २०१८ मध्ये फ्लोरिडातच, डेमोक्रॅट्सच्या बालेकिल्ल्यात, ब्रॉवर्ड काउंटीत, सिनेटची लढत मतपत्रिकेच्या डाव्या कोपऱ्यात, लांबलचक सूचनांच्या खाली छापली गेली. हजारो लोकांना ती दिसलीच नाही. गव्हर्नरपदापेक्षा सिनेटला सुमारे पंचवीस हजार मतं कमी पडली. राज्याचा निकाल १०,०३३ मतांनी लागला. पुन्हा चांगला हेतू, पुन्हा वाईट कागद. अठरा वर्षांत शिकलं कोण?

अगदीच काही झालं नाही असंही नाही. २००१ मध्ये फ्लोरिडाने भोकं पाडायची पद्धतच बंद केली, आणि ते फुलपाखरू पुन्हा उडालं नाही. हे काम ज्यांनी केलं त्यांनी कागदाकडे बघितलं, माणसांच्या डोक्याकडे नाही. माझा जोकवर राग आहे तो ह्यासाठी. चूक मतदाराची ठरली की कागद कुणी बदलत नाही. जिंकलेल्याला तो बदलायचा नसतोच, आणि हसणाऱ्याला तो बदलावासा वाटत नाही.

शेजारच्या आजींकडे मी त्या डिसेंबरात एकदा चहाला गेलो होतो. नमुना मतपत्रिका त्यांच्या फ्रिजवर चुंबकाने लावलेली होती, सोनारासारखी खालून-वरून तपासलेली, पेन्सिलीच्या खुणांनी भरलेली. मला म्हणाल्या, "यंग मॅन, तू इंजिनिअर ना? सांग, मी काय चुकले?" मी कागद हातात घेतला आणि डावीकडचं दुसरं नाव बघून पेन्सिल थेट दुसऱ्या भोकावर ठेवली.

असो. हे सगळं ग्रुपवर लिहिण्याइतका अंगठा चालत नाही, म्हणून इथे लिहिलं. मामेभावाचं तेव्हाचं उत्तर होतं, "एवढं सीरियसली काय घेतोस रे." त्याला आता हे पाठवतोय. काकांना काकूच वाचून दाखवेल.